एका वॉटचा चमत्कार आणि मामाचे कान

मामाचा फोन रात्री साडेदहाला आला. "अगं, माझे स्पीकर मेलेले आहेत म्हणे." वीस वर्षं ज्या जोडीवर त्याने ख्याल, नाट्यगीतं, क्रिकेटची कॉमेंट्रीसुद्धा ऐकली, ती एका संध्याकाळीत मेली. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज त्याच्यापर्यंत पोचला. मलाही तो चौघांनी पाठवला होता आणि मी गप्प बसले होते. पण मामा आता जुनी जोडी विकून बारा बाय दहाच्या खोलीत हॉर्न स्पीकर, म्हणजे कर्ण्याचे स्पीकर, आणायला निघालाय.

मेसेज थोडक्यात असा: शंभर डेसिबलच्या वर सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला एक मीटरवर किती आवाज, तो आकडा) असलेले स्पीकरच खरे. नव्वदच्या खालचे सूक्ष्म नाद 'खाऊन टाकतात'. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांच्या, चार-आठ वॉटांच्या अँपवर (अँप्लिफायरवर), त्यातल्याही एकाच वॉटात, घराचं थिएटर होतं आणि वीजबिल उतरतं. कंपन्यांनी कट रचून हे स्पीकर घरांतून घालवले. आणि हा आवाज 'नैसर्गिक' असल्यामुळे कितीही मोठा, कितीही तास ऐकला तरी कानाला इजा होत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना तर फायदाच होतो. सोबत 'ताण नसलेला आवाज', 'मला फरक जाणवला' असे लोकांचे अनुभव.

शेवटचं आधी घेते, कारण मामा एकाहत्तरचा आहे आणि त्याच्या डाव्या कानाने आधीच संप पुकारलाय.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी 'नायॉश' नावाची सरकारी संस्था आहे. तिची शिफारस सरळ आहे: 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा, 100 ला पंधरा मिनिटं. या तक्त्यात 'स्पीकर कोणत्या जातीचा' असा रकाना नाही. कानातल्या केसपेशींना समोर कर्णा आहे की डबा आहे हे कळत नाही, आणि एकदा मेल्या की त्या परत उगवत नाहीत.

आता मेसेजचंच गणित करू. 104 डेसिबलचा स्पीकर म्हणजे एका वॉटला एक मीटरवर 104. मामाची खुर्ची अडीच मीटरवर, स्पीकर दोन, खोली लहान. सगळी वजाबाकी-बेरीज करून खुर्चीत शंभराच्या आसपास उरतात. म्हणजे ज्या 'एका वॉटात थिएटर'ची एवढी फुशारकी आहे, ते सलग चालवलं तर मामाची दिवसभराची मर्यादा पाव तासात खलास. बडा ख्याल विलंबितातून बाहेरसुद्धा यायचा नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. आवाज फाटायला लागला की आपला हात आपोआप नॉबकडे जातो. चांगल्या हॉर्नवर तो फाटत नाही, म्हणून मोठा वाटतच नाही, आणि माणूस वाढवत जातो. 'ताण नसलेला आवाज' हे वर्णन अगदी बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. तरीही खात्री नसेल तर मिरवणुकीतली डीजेची भिंत आठवा. ती भिंत उच्च सेन्सिटिव्हिटीच्याच स्पीकरची असते. दुसऱ्या दिवशी कानात शिटी वाजते ती कोणत्या नैसर्गिकपणाने?

कमी ऐकू येत असेल तर ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, काढावा. तो स्पीकरच्या एका स्क्रूपेक्षा जरा महाग पडतो, एवढंच.

आता 'सूक्ष्म नाद'. सेन्सिटिव्हिटी हा आकडा एवढंच सांगतो की दिलेल्या विजेतून आवाज किती निघतो. 92 डेसिबल म्हणजे साधारण एक टक्का, 102 म्हणजे दहा टक्के. बाकीची वीज उष्णता होऊन जाते. तंबोऱ्याची जवारी ऐकू येते की नाही, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

मात्र अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. नाशिकला एका मित्राकडे घरी बनवलेले मोठे हॉर्न ऐकले. तबल्याची चाट जशी उसळून आली तशी मी माझ्याकडच्या डब्यांतून कधी ऐकलेली नाही. त्याला कारणही आहे. पडदा कमी हलतो, कॉइल कमी तापते, विकृती कमी होते. हॉर्न स्पीकर बनवणाऱ्या पॉल क्लिप्श यांनी आयुष्यभर हेच सांगितलं. पण त्याच बैठकीत गायिकेचा आवाज मधल्या पट्टीत नाकातून आल्यासारखा झाला, आणि ते यजमानाला सांगायचं धाडस मला झालं नाही.

यजमानाला ते ऐकू का येत नाही, याचं उत्तर फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये दिलंय. स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीतल्याच चाळीस जणांना त्यांनी चार स्पीकर पडद्याआडही ऐकवले आणि पडदा काढूनही. पडद्याआड बरे गुण मिळवणारा लहानसा संच दिसू लागताच घसरला. मोठे, महागडे वर गेले. चार फुटांहून उंच लाकडी कर्णा समोर असताना 'मला फरक जाणवला' असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मेसेजमधले सगळे 'अनुभव' डोळे उघडे ठेवून ऐकलेले आहेत.

वीजबिलाचं तर हसूच येतं. मामाच्या 87 डेसिबलच्या जोडीला रोजच्या आवाजात अर्धा वॉटही पुरतो. उलट मेसेजने सुचवलेला 300बी नावाच्या व्हॉल्व्हचा अँप प्रत्येक बाजूला आठेक वॉट देण्यासाठी शंभरेक वॉट खातो, आणि गाणं थांबलं तरी तेवढेच खात बसतो.

कट वगैरे काही नाही. सुरुवातीच्या थिएटरांत कर्णे होते कारण तेव्हाचे अँप जेमतेम काही वॉटांचे होते. ग्रामोफोनला कर्णा असतो तो याच गरजेपोटी. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी एआर-1 हा स्पीकर आणला: छोटा बंद डबा, खोल खर्ज, किंमत म्हणून कमी सेन्सिटिव्हिटी. मग स्टिरिओ आला, घरात दोन डबे ठेवायची वेळ आली, ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले. लहान आकार, खोल खर्ज आणि मोठी सेन्सिटिव्हिटी, तिन्ही एकत्र मिळत नाहीत. क्लिप्श यांच्या प्रसिद्ध क्लिप्शहॉर्न स्पीकरला खोलीचा कोपरा लागतो, कारण भिंतीच त्याच्या कर्ण्याचा पुढचा भाग होतात. मामाच्या एका कोपऱ्यात गोदरेजचं कपाट आहे, दुसऱ्यात देव्हारा.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यांवरही जपून. पुष्कळदा 'एक वॉट'ऐवजी '2.83 व्होल्ट' लिहिलेलं असतं. आठ ओहमच्या स्पीकरला तो एक वॉट, चार ओहमच्याला दोन. तीन डेसिबल फुकटात वाढतात.

मामा अजून पुरता वळलेला नाही. रविवारी जाऊन मोबाइलवर आवाज मोजला, अदमासाने पंचाहत्तर डेसिबलपर्यंत नॉब आणला, आणि तिथे मामीच्या पाकिटातली टिकली चिकटवली. काल त्याने फोनवर विचारलं, तराण्यापुरती टिकली ओलांडली तर चालेल का?