डुकराने खाल्लं असतं तर भरपाई मिळाली असती

कारखान्याच्या सांडपाण्याने नासलेल्या विहिरीची आणि पिकाची भरपाई मागायला काल तलाठी भाऊसाहेबांसमोर पाऊण तास बसून आलो. सोबत आमचे अण्णा, सातबारा, लॅबचा रिपोर्ट आणि मोबाईलमध्ये ३१ फोटो. भाऊसाहेबांनी सगळं बघितलं, चहा पाजला आणि म्हणाले, "अण्णा, हे कशात बसत नाही हो."

बसत नाही म्हणजे? अतिवृष्टी झाली का? नाही. गारपीट? नाही. अवकाळी? नाही. रानडुक्कर शिरलं का? शिरलं असेल तर वनखात्याकडे अर्ज करा, तिकडून मिळतं काहीतरी. अहो भाऊसाहेब, डुकरं आमच्या रानात फिरकायची बंद झालीत. त्यांना कळतं.

आमची गंगी, वय वर्षं नऊ, आठवीला शाळा सोडलेल्या माणसाइतकीही अक्कल नसलेली गाय, ती हौदाला तोंड लावते, नाक फुसकारते आणि मागे सरते. तिने डिसेंबरातच निकाल दिला. तेव्हा आम्हीच तिला शिव्या घातल्या. मग आठ दिवसांत कोथिंबीर कडेने पिवळी पडत आत आत गेली. विहिरीत बादली सोडली तर वर येणाऱ्या पाण्याला चहाच्या दुसऱ्या उकळीसारखा रंग, आणि वास असा की जुन्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा. दोर जिथपर्यंत बुडतो तिथपर्यंत तांबडा झालाय. नाला आमच्या बांधापासून साठ पावलांवर. नाल्याच्या वरच्या अंगाला कारखाना. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की नोटीस आम्हालाच येईल. आजवर या प्रकरणात तेवढीच एक गोष्ट वेळेवर येईल याची मला खात्री आहे.

प्रदूषण मंडळाकडे तक्रार शुक्रवारी केली. साहेब आले मंगळवारी, सकाळी अकराला. मंगळवारी सकाळी अकराला नाला असा वाहत होता की त्यात पोरांनी पोहावं. अहवालात काय आलं असेल ते तुम्हीच ओळखा. बरोबर. "पाहणीवेळी रंगीत सांडपाणी आढळून आले नाही." मी म्हटलं साहेब, रात्री दीडला या, तेव्हा सोडतात. ते हसले. मी म्हटलं, बरं, ही बाटली घ्या, तशाच एका रात्रीची आहे, तारीख टाकलीय. ती चालत नाही. नमुना त्यांच्याच माणसाने घ्यायचा, कारखान्याच्या माणसाला जागेवर नोटीस द्यायची, त्याच्यादेखत दोन भाग करून सील करायचे, तर तो कोर्टात उभा राहतो. जल कायद्यातच तसं आहे, १९७४ पासून. यात चूक काही नाही म्हणा, उद्या कोणीही उठून बाटली भरून आणेल. पण मग रात्री दीडला येणारा माणूस कायद्याने का नाही दिला?

लॅबचे पैसे आमचे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला २,९०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याला दुसरी सोयच नसेल तरी सरकारी मानकाची शेवटची हद्द २,००० आहे. टँकरचे पैसे आमचे. गाडीभाडं, झेरॉक्स, अण्णांचा बुडालेला हंगाम, सोसायटीचं कर्ज, सगळं आमचं. ज्याने सांडलं त्याचा आजवरचा खर्च शून्य रुपये.

आणि हा शून्य नुसता रागाने म्हणत नाही, हिशोबाने म्हणतोय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं दंड मोजायचं एक सूत्र आहे. मी तीन रात्री ते घेऊन बसलो, पोराच्या दहावीच्या गणितालाही एवढा बसलो नव्हतो. लाल वर्गातला, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्यांतला, कारखाना असेल तर ८०. त्याला दिवसांनी गुणा. मग रुपयांचा एक आकडा, साधारण २५०. मग कारखाना लहान असेल तर ०.५, मोठा असेल तर १.५. शेवटी जागेचा गुणक. हा जागेचा गुणक नीट वाचा. एक कोटीच्या वर वस्ती असलेल्या शहराला २. दहा लाखांच्या आतल्या गावाला १. म्हणजे तीच घाण मुंबईत सांडली तर दुप्पट, आमच्या नाल्यात सांडली तर निम्मी. का, तर इथे माणसं कमी. पण त्या माणसांना नळ नाही, विहीरच आहे, याला गुणक नाही.

तरी लहान कारखाना धरून ८० गुणिले २५० गुणिले ०.५ गुणिले १, दिवसाला १०,००० रुपये होतात. ठीक आहे, काहीतरी आहे, असं मला दोन मिनिटं वाटलं. मग "दिवस" म्हणजे काय ते वाचलं. उल्लंघन आढळलं त्या दिवसापासून ते दुरुस्ती तपासली त्या दिवसापर्यंत. आढळलं! मंगळवारी अकराला काय आढळलं होतं? काही नाही. दिवस शून्य. आता शून्याला ८० ने गुणा नाहीतर ८० कोटीने. आणि समजा उद्या दंड झालाच, तर तो मंडळाच्या खात्यात जाणार. विहीर मात्र आमचीच.

लोक सांगतात, पुण्याला हरित न्यायाधिकरण आहे, तिकडे जा. आहे ना. २०१० चा कायदा आहे, प्रदूषण करणाऱ्याने भरावं हे तत्त्व त्यात कलम २० ला छापलेलं आहे. पण भरपाई मागायची तर मागाल त्याच्या एक टक्का फी आधी तुम्ही भरायची. बारा लाख मागितले तर १२,००० अण्णांनी ठेवायचे. वकील वेगळा. वर नुकसान त्याच कारखान्यामुळे झालं हे दाखवायला भूजलाचा माणूस वेगळा. पूर्वी निदान तुरुंगाची भीती तरी होती, पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. जनविश्वास कायदा आला आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथे १०,००० ते १५ लाखांचा दंड. विश्वास नक्की कोणत्या जनाचा, हे कुणी सांगेल का मला?

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी म्हणून गाव आहे. तिथे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एच ॲसिड, म्हणजे रंग तयार करायला लागणारं रसायन, बनवणारे कारखाने आले, सुमारे २,४०० टन विषारी गाळ उघड्यावर टाकला, आणि विहिरींचं पाणी तांबडं झालं. तिथला दोर कुणी दाखवला तर मी ओळखीन. ते लोक सुप्रीम कोर्टात जिंकले, बरं का. १९९६ ला. कोर्टाने स्वच्छ सांगितलं, सावधगिरी घेतली होती की नव्हती हे आम्ही विचारतच नाही, धोक्याचा धंदा केलास, भर. पुढे आकडा ठरला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार. मग कंपनीने अर्जामागून अर्ज टाकले. २०११ साली कोर्टाने वैतागून चक्रवाढ व्याजासकट भरा म्हणून सांगितलं. निकाल जिंकल्यावर पंधरा वर्षं! पंधरा वर्षांत गंगीच्या दोन पिढ्या होतात.

अजून एक गंमत. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली धोक्याची रसायनं हाताळणाऱ्याला विमा सक्तीचा आहे आणि हप्त्याएवढीच रक्कम एका मदत निधीत भरावी लागते. त्या निधीत शेकडो कोटी नुसते पडून राहिले, वर्षानुवर्षं. त्याच कायद्याने मालमत्तेच्या नुकसानीला ठरवलेली मूळ कमाल रक्कम होती ६,००० रुपये. आमचं टँकरचं बिल ती रक्कम जानेवारीतच ओलांडून गेलं.

अण्णा मात्र शांत आहेत. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. कारखान्याचा एक मॅनेजर संध्याकाळी गाडीतून आला, बांधावर उभा राहिला, बूट खराब होऊ नये म्हणून आत उतरला नाही, आणि म्हणाला, "काका, दोन टँकर आम्ही देतो की महिन्याला. माणुसकी म्हणून." माणुसकी! विहीर तू घालवलीस, आणि वर तुझ्या टँकरला आम्ही आभार मानायचे. शिवाय एका कागदावर सही हवी होती त्याला, "कोणतीही तक्रार नाही" अशी. अण्णांनी त्याला विहिरीचं पाणी प्यायला दिलं. स्टीलच्या पेल्यात, ताटलीवर ठेवून, पाहुण्याला देतात तसं. तो प्यायला नाही.

परवा साहेबांचा फोन आला. आवाजात अगदी मध. पुढच्या वेळी पाणी रंगीत दिसलं की कितीही वाजलेले असोत, लगेच कळवा, आम्ही येतो.

शनिवारी रात्री एक चाळीसला कळवलं. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती सध्या.