प्रदूषण ही विकासाची किंमत नव्हे

‘हवेचे प्रदूषण ही विकासाची किंमत आहे. आधी देश श्रीमंत होऊ द्या, हवा नंतर स्वच्छ करता येईल. नुकसानीचे आकडे कागदावरचे आहेत आणि नियम कडक केले तर कारखाने बंद पडून गरिबाचाच रोजगार जाईल,’ अशा आशयाचा मजकूर दर हिवाळ्यात फिरत असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांत विचारी माणसेही असतात, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

आकडे कागदी असल्याचा आक्षेप प्रथम घेऊ. भारतापुरता वारंवार उद्धृत होणारा अंदाज ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१९ मध्ये देशातील सुमारे १६.७ लाख मृत्यू, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी १७.८ टक्के, प्रदूषित हवेमुळे झाले. अकाली मृत्यू आणि आजारपण यांमुळे बुडालेले उत्पादन सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपयांचे, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.३६ टक्के होते. हा आकडा फुगवलेला वाटतो त्यांनी तो कसा काढला हे पाहावे. मृत्यूचा धोका कमी व्हावा म्हणून लोक किती पैसे मोजायला तयार असतील, यावरून नुकसान ठरवण्याची एक पद्धत आहे. जागतिक बँकेने ती वापरली तेव्हा त्याच वर्षासाठी जगाचे नुकसान जागतिक उत्पादनाच्या ६.१ टक्के निघाले. भारताच्या या अभ्यासाने मात्र गेलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातून जे उत्पादन झाले असते तेवढेच त्या १.३६ टक्क्यांत धरले. औषधोपचाराचा खर्च त्यात नाही, मुलांची बुडालेली शाळा नाही, पिकांची घटलेली वाढ नाही. हा हात राखून केलेला हिशेब आहे, आणि तरीही तो त्या वर्षीच्या केंद्राच्या आरोग्यावरील तरतुदीच्या सुमारे चौपट भरतो. शिवाय दम्याच्या रुग्णाने घेतलेली औषधे आणि इस्पितळाचे बिल यांनी सकल उत्पादन वाढलेलेच दिसते, त्यामुळे केवळ वाढीचा दर पाहणाऱ्याला हे नुकसान दिसत नाही.

‘विकासाची किंमत’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत अधिक खटकतो. किंमत मोजली की बदल्यात काही मिळते. प्रदूषणाने विकास विकत मिळत असता, तर ज्यांनी सर्वाधिक मोजले ते सर्वाधिक पुढे गेले असते. त्याच अभ्यासात राज्याच्या उत्पादनाच्या तुलनेत सर्वांत मोठे नुकसान उत्तर प्रदेशाचे आणि त्याखालोखाल बिहारचे आहे, प्रत्येकी सुमारे २ टक्के. देशाच्या सरासरीहून दरडोई उत्पन्न कितीतरी कमी असलेल्या आणि कारखानदारीत मागे राहिलेल्या बिहारने एवढे मोजून काय मिळवले? तिथे चुलीचा धूर, वीटभट्ट्या आणि गंगेच्या मैदानात कोंडून राहणारी हवा आहे. हे नुकसान गरिबीतून येते आणि कमावत्या माणसाला आजारी पाडून गरिबीच वाढवते.

‘आधी श्रीमंती, मग हवा’ याचा दाखला म्हणून इंग्लंडचे नाव घेतले जाते. लंडनचे विषारी धुके डिसेंबर १९५२ मधले आणि स्वच्छ हवेचा कायदा १९५६ मधला. धुके पडले तेव्हा ब्रिटन युद्धाच्या कर्जाखाली होता, साखर आणि मांस रेशनवर होते, आणि परकीय चलनासाठी चांगला कोळसा निर्यात करून घरांत हलक्या प्रतीचा कोळसा जाळला जात होता. आजच्या भारताहून तो देश संपन्न होता, हे मान्य आहे. पण त्याने कायदा केला तो हजारो माणसे काही दिवसांत मेल्यानंतर, तिजोरी भरण्याची वाट पाहून नव्हे. चीनने २०१३ मध्ये कृती आराखडा हाती घेतल्यावर पुढच्या काही वर्षांत सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले, आणि त्याच काळात त्याची अर्थव्यवस्था वाढतच राहिली.

कारखाने बंद पडण्याची भीती आपल्याकडे अलीकडेच पारखून झाली आहे. १ एप्रिल २०२० पासून भारताने वाहनांच्या धुरासाठीचे ‘भारत स्टेज’ (बीएस) मानक बीएस-४ वरून एकदम बीएस-६ वर नेले. इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली आणि गाड्या महागल्या. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यातही तेव्हा मोठी चिंता होती. त्यात महामारीचीही भर पडली. तरीही २०२२-२३ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री ३८ लाखांहून अधिक, तोवरची सर्वोच्च, झाली.

याउलट जिथे नियम ढिले ठेवले तिथे खर्च वाचला नाही, तो दुसऱ्याच्या माथी गेला. औष्णिक वीजकेंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, मुदत दोन वर्षांची होती. ती वारंवार वाढवली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना शुद्धीकरण यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. यंत्रणेमुळे वीज महागेल, हे कारण खरे आहे. परंतु देशातील आरोग्यखर्चापैकी २०२१-२२ मध्येही सुमारे ३९ टक्के रुग्णाच्या खिशातून गेला. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यातला माणूस छातीच्या विकारावर जे पैसे घालवतो, ते वीजबिलात छापलेले नसतात, म्हणून त्या विजेला स्वस्त म्हणता येत नाही.