केशवरावांच्या नावाने फिरणाऱ्या पत्राबद्दल खुलासा

संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव भोसल्यांनी एका नाट्यसमीक्षकाला लिहिलेलं म्हणून एक पत्र कोल्हापूरच्या ग्रुपांवर फिरतंय. तारीख २० डिसेंबर १९२१, आणि मजकुरात 'संयुक्त मानापमान' या दोघांनी एकत्र केलेल्या 'मानापमान' नाटकाच्या प्रयोगावरून बालगंधर्वांवर आगपाखड. रविवारी मीही ते टाकलं होतं. ते पत्र खोटं आहे. खात्री न करता पुढे पाठवल्याबद्दल मनापासून माफी मागतो.

केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजीच गेले, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. डिसेंबरात ते पत्र लिहिणार कुठून? शिवाय वर छापलाय 'केशवराव भोसले नाट्यगृह, कोल्हापूर ४१६०१२' असा पत्ता. खासबाग कुस्ती मैदानाशेजारचं ते थिएटर शाहू महाराजांनी बांधलं तेव्हा पॅलेस थिएटर होतं, केशवरावांचं नाव त्याला स्वातंत्र्यानंतर मिळालं. आणि सहा आकडी पिनकोड देशात १९७२ साली आला. तारीख नजरचुकीची मानली तरी हा पत्ता त्या काळात बसत नाही.

'संयुक्त मानापमान'चा प्रयोग मात्र खरा. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक एका रंगमंचावर उभे राहिले, आणि तीन महिन्यांत केशवराव गेले. त्यांच्या तोंडी असला मजकूर घालणं मला फार लागलं.

कृपया ते पत्र पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकलंत तिथे हा खुलासाही टाका. कुणाच्या घरी जुन्या नटांची खरी पत्रं असतील, तर फोटो काढताना पाकिटाचा आणि टपाल शिक्क्याचाही काढा.