मल्टी आतून कशी कुजवावी

इंदूरचं बाहेरचं सगळं निगम, म्हणजे महापालिका, बघतं. 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तो शहराचा. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत फाटकापर्यंत येते, पण जिना काही चढत नाही. म्हणजे मल्टीचं, अर्थात बहुमजली फ्लॅटांच्या इमारतीचं, पोट सर्वस्वी तुमच्या हाती. चिकाटी ठेवलीत तर धडधाकट इमारतही आतून निकालात निघते.

सुरुवात वरच्या मजल्याच्या नहाणी ट्रॅपपासून, म्हणजे न्हाणीघरातलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्यापासून, करावी. ट्रॅपभोवतीचा सिमेंटचा जोड सुटला की पाणी स्लॅबमध्ये उतरतं. उतरू द्या. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपांनी रेटत आणलेली नर्मदा आहे, तुमच्या छतात जरा विसावेल. खर्च वरच्याने करायचा की खालच्याने, हा वाद मात्र तीन-चार पावसाळे टिकवा. सळईलाही सवड हवी. ताज्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, 12-13 असतो, त्या जोरावर सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून पीएच 9 च्या आसपास उतरला आणि ओल मिळाली, की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते आणि स्लॅबच्या सळईखाली आवरण असतं जेमतेम 20 मिलिमीटर. आधी सळईच्या रेषेत तपकिरी भेग, मग ठोकल्यावर बद्द आवाज, आणि एका सकाळी पोह्यांवर जीरावण मसाल्याऐवजी स्लॅबची खपली.

आता मिस्त्री बोलवा, पण स्वस्तातला. त्याने गंजक्या सळईवरच गिलावा थापावा, वर पुट्टी, वर डिस्टेंपर. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडणं, तारेच्या ब्रशने गंज घासणं, गंजरोधक लेप, बारीक झालेल्या सळईशेजारी नवी सळई, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने भरणं, असलं काही तो सुचवू लागला तर चहा पाजून वाटेला लावा. ओल आधी बंद करा म्हणणारा तर त्याहून धोक्याचा. गिलावा पुन्हा सुटला की पीओपीचं फॉल्स सीलिंग करा, वर चार दिवे लावा. स्लॅब दिसतच नाही, मग भीती कसली?

जिन्याखालच्या मीटरबोर्डाला फार डोकं लागत नाही. 1.5 चौरस मिलिमीटरच्या जुन्या वायरवर एसी आणि गीझर दोन्ही चढवा. 16 अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) पडू लागला की 32 चा बसवा. मग एमसीबी पडत नाही, वायरच तापते. शेजारी रद्दी आणि जुनी गादी ठेवायला विसरू नका.

तळमजल्याच्या भिंतींत दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल, तर ती माळव्याच्या काळ्या मातीची करामत. माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते; भेग मे महिन्यात उघडते, ऑगस्टमध्ये मिटते. रहवासी संघाची पाहणी ऑगस्टमध्येच ठेवावी.