18 युरो 36 सेंट आणि आकाशवाणी पुणे

जर्मनीत नवीन आलेल्या मराठी माणसाचा पहिल्या दोन-तीन महिन्यांतला एक प्रश्न ठरलेला असतो, "रेडिओ-टीव्हीच्या फीचं लेटर आलंय, माझ्याकडे टीव्हीच नाहीये, तरी भरायची का?" हो, भरायचीच. पत्त्याची नोंदणी केली की ते लेटर येतंच. घरटी महिन्याला 18 युरो 36 सेंट, आणि 2013 पासून टीव्ही आहे की नाही हा प्रश्नच उरलेला नाही, घर आहे ना मग भरा. एका फ्लॅटमध्ये चार विद्यार्थी राहत असले तर चौघांत मिळून एकच फी, ती ते वाटून घेतात. यावर इथल्या मराठी ग्रुपवर जो वैताग निघतो तो मला अगदी समजतो, जर्मन बातम्या कळत नाहीत, क्रिकेट दाखवत नाहीत, मग पैसे कशाचे घेताय.

मी मात्र ही फी आता मनापासून भरते, आणि त्याला कारण आमच्या घरच्या ग्रुपवरची भांडणं आहेत. भाऊ म्हणतो दूरदर्शन म्हणजे सरकारचा भोंगा आहे, टॅक्सच्या पैशातून चालवायचं कशाला, बंद करून टाका. काका लगेच विचारतात, काँग्रेसच्या काळात काय वेगळं होतं? आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे. आणीबाणीत किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली होती, राजीव गांधींच्या काळात लोक दूरदर्शनला राजीवदर्शन म्हणायचे. 2014 च्या दसऱ्याला नागपूरहून सरसंघचालकांचं भाषण दूरदर्शनने लाइव्ह दाखवलं आणि 2017 च्या स्वातंत्र्यदिनाला त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं भाषण, बदल केल्याशिवाय लावणार नाही म्हणून, लावलंच नाही. एवढी वर्षं, इतकी सरकारं आली नि गेली, तरी तेच होत राहिलं तर मला तरी दोष पक्षांपेक्षा पैसा ज्या रस्त्याने येतो त्या रस्त्याचा वाटतो. प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, तो लागू व्हायलाच 1997 उजाडलं, अध्यक्ष निवडायला उपराष्ट्रपतींची समिती वगैरे कागदावर सगळं ठीक आहे, पण पगार केंद्राच्या तिजोरीतून आणि बजेट माहिती-प्रसारण मंत्रालयातून. ज्याच्या सहीने पगार होतो त्याच्याविरुद्धची बातमी रोज कोण लावणार हो?

इथे तो रस्ताच वेगळा बांधलाय, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचा पैसा या घरटी फीतून येतो. गोबेल्सने रेडिओचं काय केलं ते बघून झाल्यावर लोकांनी ठरवलं की हे परत सरकारच्या हातात द्यायचं नाही. तरी सरकारांनी प्रयत्न सोडले असं नाही, तेव्हाचे चॅन्सेलर आडेनाउअर यांना केंद्र सरकारचं स्वतःचं टीव्ही चॅनेल काढायचं होतं, 1961 मध्ये कार्ल्सरूहच्या घटना-न्यायालयाने ते अडवलं. 2009 मध्ये झेडडीएफ या सार्वजनिक चॅनेलच्या मुख्य संपादकाचं कॉन्ट्रॅक्ट त्याच्या मंडळावरच्या राजकारण्यांनी वाढवू दिलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2014 मध्ये निकाल आला की अशा मंडळांवर सरकार-पक्षांची माणसं एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत.

पण माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे 86 सेंटची. चॅनेलना किती पैसे लागतात हे 16 तज्ज्ञांचं एक आयोग हिशेब तपासून ठरवतं आणि मग सोळाही राज्यांच्या विधानसभा त्याला मंजुरी देतात. 2020 मध्ये फी साडेसतरावरून 18.36 करायची होती. एकट्या सॅक्सनी-आनहाल्ट राज्यात, तिथल्या सत्ताधारी पक्षातल्या आमदारांचा विरोध होता म्हणून, मुख्यमंत्र्यांनी प्रस्तावच मागे घेतला आणि अख्ख्या देशाची वाढ अडकली. 2021 मध्ये कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, कार्यक्रम आवडत नाहीत म्हणून पैसे अडवता येणार नाहीत. आता परत तेच चाललंय, 2025 पासून 18.94 करा असं आयोगाने सांगितलं, राज्यांनी केलं नाही, एआरडी आणि झेडडीएफ ही सार्वजनिक चॅनेल पुन्हा कोर्टात गेली.

याचा अर्थ इथे सगळं निष्पक्ष आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पूर्व जर्मनीतले माझे सहकारी कळवळून सांगतात की आमच्या भागाबद्दल बातमी देतात ती बर्लिन-हाम्बुर्गच्या माणसाच्या नजरेने देतात, आणि ऐकताना मला ते पटतं. एएफडी या कट्टर उजव्या पक्षाला तर ही फीच नकोय. 2022 मध्ये बर्लिनच्या आरबीबी या सार्वजनिक चॅनेलच्या प्रमुखांचं मसाज सीटवाल्या ऑफिसच्या गाडीचं, केबिनच्या महागड्या रिनोव्हेशनचं प्रकरण निघालं, पद गेलं, लोक भडकले आणि बरोबरच भडकले. पण त्याच आरबीबीच्या पत्रकारांनी आपल्याच साहेबांच्या कारभाराचा शोध घेतला आणि ते स्वतःच्याच चॅनेलवर लावलं. हे मी बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझे पैसे कारणी लागले.

आता पुण्याचं बघा. 2023 च्या जूनमध्ये आदेश निघाला की आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद, बातम्या छत्रपती संभाजीनगरहून. माझी आई सकाळी स्वयंपाक करताना त्या बातम्या ऐकते, धरणात पाणी किती, घाट बंद आहे का, नाट्यसंमेलन कुठे, सगळं दहा मिनिटांत, ओरडाओरडी नाही. पुण्यात आरडाओरडा झाला, मग मंत्र्यांनी स्थगिती दिली आणि सगळ्यांनी आभार मानले. मलाही आनंद झाला, पण जे मंत्र्यांच्या शब्दावर वाचतं ते पुढच्या मंत्र्यांच्या शब्दावर जाऊही शकतं ना? ऐकणाऱ्यांना बंद करतानाही कुणी विचारलं नाही आणि चालू ठेवतानाही नाही.

भाऊ म्हणतो तसं बंद केलं तर उरतं काय, सरकारी जाहिरातींवर जगणारी खासगी चॅनेल. आणि खासगी एफएमला तर आपल्याकडे स्वतःच्या बातम्या द्यायलाच परवानगी नाही, आकाशवाणीच्याच पुन्हा लावायच्या. म्हणून बंद करू नका, मंत्रालयातून सोडवा. फी किती ते एका स्वतंत्र आयोगाने ठरवावं, पुण्याच्या बातम्या पुण्यातून लागणार की नाही ते पुण्यातल्याच लोकांच्या मंडळाने ठरवावं, त्यात शेतकरी, शिक्षक, कलाकार, कामगार असावेत आणि पक्षवाले कमीत कमी. इटलीत अशी फी वीजबिलातून घेतात, आपल्याकडेही घेता येईल, गरीब घरांना माफ करून. महिन्याला वीस रुपये जास्त आले तर चालतील का असं मी आईला विचारलं, ती म्हणाली चालतील, पण मग बातम्या वेळेवर लागल्या पाहिजेत.