उभ्या उभ्या खाणारी गाडी

इलेक्ट्रिक गाडी दारात आली की मराठवाड्यात माणसाला दोन प्रश्न ठरलेले. पहिला त्याच दिवशी, पेढा तोंडात असताना: "फुल व्हायला किती येळ लागतोय?" दुसरा आठवड्यानं, जरा आवाज खाली घेऊन: "तात्या, ही उभ्या उभ्या बी चार्जिंग खायलीय व्हय?"

दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण तिथं अब्रूचा मामला असतो. खाते. धोंड्याच्या महिन्यात आलेल्या जावयासारखं आहे ते. काम काही नाही, पण ताट लागतंच. बॅटरीवर पहारा करणारं बीएमएस, कंपनीला खबर पोचवणारं सिमकार्ड, चावी जवळ आली का बघणारा सेन्सर, आणि बॉनेटखालची बारा व्होल्टची छोटी बॅटरी, जिला मोठी बॅटरी अधूनमधून घास भरवते. एवढ्या पंगतीतही नीट झोपलेली गाडी आठवड्याला एखाद-दोन टक्केच खाते. रोजचे चार-पाच टक्के जात असतील तर चोर घरातला आहे, आणि बहुधा त्याच्या हातात मोबाइल आहे.

ॲप उघडून "बघू बरं किती राहिली" म्हटलं की झोपलेली गाडी दचकून उठते. आतले कॉम्प्युटर जागे होतात, दीड-दोनशे वॉट ओढतात आणि पुन्हा झोपायला पंधरा-वीस मिनिटं घेतात. दिवसातून पंधरा वेळा बघा, पाऊण युनिट गेलं. चाळीस युनिटच्या बॅटरीत ते जवळजवळ दोन टक्के होतात. बॅटरी का उतरली हे बघण्यात बॅटरी उतरते.

त्याहून मोठा खादाड म्हणजे कॅमेऱ्यांचा पहारा. ज्या गाड्यांत तो असतो, तिथं अडीचशे वॉट धरले तर चोवीस तासांत सहा युनिटं, म्हणजे पंधरा टक्के. गल्लीतलं कुत्रं टायरपाशी पाय वर करतं, त्याचं चित्रण एवढ्या भावाला परवडत नाही. घरच्या दारात हा पहारा बंद ठेवा. बाहेरून बसवलेला डॅशकॅम पाचच वॉट खातो, पण तो छोट्या बॅटरीतून. तिच्यात जेमतेम अर्धा युनिट असतो. मोठी बॅटरी तिला भरवायची थांबली, तर चार-पाच दिवसांत मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली आणि दार मात्र उघडत नाही. विहीर तुडुंब, पोहराच नाही.

लग्नसराईचं वेगळंच. मे महिन्यात मंडपाबाहेर गाडी लावली की दोन मामा आणि एक आत्या "जरा गार हवा" म्हणून आत बसतात. तापलेली केबिन गार करताना एसी पहिली दहा मिनिटं अडीच-तीन किलोवॉट ओढतो, मग दीडवर येतो. दोन तास रुखवतावर चर्चा झाली की सव्वातीन युनिटं संपली. तेवढ्यात अंबाजोगाईहून परळी गाठता येते.

खरा खप मोजायचा तर गाडी लावल्या लावल्या आकडा घेऊ नका. चालून आलेल्या बॅटरीचं व्होल्टेज थोड्या वेळानं स्थिरावतं आणि एखादा टक्का आपोआप इकडंतिकडं होतो. एका सकाळचा आकडा आणि तिसऱ्या सकाळचा आकडा, मध्ये ॲपला हात नाही. आणि टक्के बघा, किलोमीटर नको. किलोमीटरचा आकडा मागच्या प्रवासावरून अंदाज बांधतो, त्याला जोतिषाइतकाच भाव द्यावा.

आता पहिला प्रश्न. गणित चौथीतलं आहे. चाळीस युनिटची बॅटरी, वीसवरून ऐंशी टक्के, म्हणजे चोवीस युनिटं हवीत. घरातल्या एसी करंटचं बॅटरीला लागणाऱ्या डीसी करंटमध्ये रूपांतर करण्यात आणि उष्णतेत दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणून मीटरवर सत्तावीस धरा. घरचा पोर्टेबल चार्जर तेरा अँपिअर ओढत असेल, तर २३० व्होल्टला तीन किलोवॉट. सत्तावीस भागिले तीन, नऊ तास. झालं.

झालं कुठं? २३० हा आकडा पुस्तकातला. संध्याकाळी सात ते दहा गावात मीटर लावून बघा, १८५ दिसतं. चार्जर अँपिअर वाढवत नाही, तो तेरावरच अडतो. मग २.४ किलोवॉट, आणि नऊचे सव्वाअकरा तास. त्यात लाइट जाऊन आली की काही चार्जर आपसूक सुरू होतात, काही रुसून बसतात, प्लग काढून परत घालावा लागतो. कोणता आहे ते घेतल्या दिवशीच मेन स्विच पाडून बघावं, पहाटे पाचला नव्हे. मी रात्री अकराच्या पुढं लावा म्हणतो, तेव्हा व्होल्टेज जरा माणसात येतं.

सॉकेट सोळा अँपिअरचं, वायर चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची, वेगळा एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच) आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की पडणारा स्विच). कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावू नये. अर्ध्या तासानं प्लगला हात लावावा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद.

आणि अर्थिंग. चार्जरचा लाल दिवा लागला की सगळे चार्जरला शिव्या देतात. दोष बहुतेकदा अर्थिंगच्या खड्ड्यात असतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, त्यात पुरलेल्या इलेक्ट्रोडभोवतीची ओल जाते आणि अर्थिंग नावालाच उरतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर धरा. दोन-तीन व्होल्ट ठीक, दहा-पंधरा दिसले तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातुरात हा सल्ला देताना मी आधी घरातल्या बाईमाणसांकडं बघतो, मग हळूच "धुण्याचं चालतंय" म्हणतो.

रस्त्यावरचा फास्ट चार्जर ६० किलोवॉटचा दिसला तरी हुरळू नका. दोन गन, म्हणजे गाडीत खोचायचे दोन प्लग, असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली, तर अनेकदा तीस-तीस वाटणी होते. ऐंशी टक्क्यांच्या पुढं बीएमएस हात आखडता घेतं, त्रेचाळीस अंशांच्या दुपारी तर आधीच. तिथं शंभर टक्क्यांसाठी थांबणं म्हणजे पंगत उठल्यावर मठ्ठ्याची वाट बघणं.

तरी पारावर प्रश्न येतोच, किती येळ लागंल. मी आधी विचारतो, "तुमच्याकडं व्होल्टेज किती असतंय?"

"लाइट असली तर चांगलं असतंय की."