सतरावी फळी

घरापासून कार्यालयापर्यंतची माझी सर्वांत जवळची वाट एका कालव्यावरून जाते आणि त्या कालव्यावर एक लाकडी पादचारी पूल आहे. आहे म्हणजे बहुतेक दिवस असतो. उरलेल्या दिवशी तिथे ‘काम चालू आहे’ अशी पाटी असते आणि आसपास दुसरे कोणीच नसल्यामुळे ते काम ती पाटीच करत असावी, असा माझा समज झालेला आहे.

या पुलाला चौतीस फळ्या आहेत. हे मला ठाऊक असण्याचे कारण असे की, पावसाळ्यात त्यावरून चालताना मान वर करण्याची सोयच नसते. ओल्या लाकडावर शेवाळाचा जो थर चढतो तो डोळ्यांना दिसत नाही, थेट पाठीलाच कळतो. एकदा तसा तो कळल्यापासून मी खाली मान घालून, हात शरीरापासून जरा दूर धरून आणि नववधूच्या पावलांनी पूल ओलांडतो. समोरून येणाऱ्या मंडळींचा माझ्याविषयी फार नम्र गृहस्थ असा ग्रह झाला आहे. गेली सहा वर्षे मी केवळ शेवाळामुळे नम्र आहे.

घसरण्यावर उपाय म्हणून मध्यंतरी फळ्यांवर तारेची जाळी ठोकण्यात आली. उपाय अतिशय गुणकारी निघाला; पाय घसरेनासे झाले. पुढे वर्षभरात जाळी झिजली, तिच्या तारांची टोके वर आली आणि ती विजारींचे पाय पकडू लागली. पूर्वी पूल मला सोडत होता आणि मी पडत होतो. आता पूल मला धरतो आणि मी पडतो.

फळ्यांमधल्या फटी हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्या सुताराच्या आळसामुळे राहिल्या आहेत असे मला बरेच दिवस वाटत होते, पण त्या मुद्दाम ठेवाव्या लागतात. पाणी खाली निथळावे लागते, आणि लाकूड ओलाव्याने फुगते व वाळले की आकसते. तेही लांबीला जवळपास नाहीच, रुंदीला मात्र मनसोक्त. म्हणून उन्हाळ्यात फटी रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की, उन्हाळ्यात पाय सुरक्षित असतात पण किल्ल्या नसतात, आणि पावसाळ्यात किल्ल्या सुरक्षित असतात पण पाय नसतात. अर्धवट पावसाच्या दिवसांत फट बरोबर छत्रीच्या टोकाएवढी होते. तसे ते टोक एकदा आत गेले. मी छत्री ओढली, छत्रीने मला ओढले, मागे पाचसहा माणसे साचली आणि त्यांतल्या एका आजोबांनी, ‘ओढू नका, फिरवा,’ असा सल्ला दिला. मी फिरवली. मूठ हातात आली, छत्री पुलाकडे राहिली आणि आजोबा म्हणाले, ‘उलट फिरवायची होती.’

पण या सगळ्यापेक्षा माझा खरा वाद होता तो सतराव्या फळीशी. पुलाच्या ऐन मध्यावरची ही फळी करकरत असे. करकरणे हा शब्दही तिला अपुराच आहे. गंजलेली बिजागरी आणि उपाशी मांजर यांनी पहाटे एकत्र रियाज करावा, तसा तो आवाज होता. दुःखाची गोष्ट अशी की, माझ्या पुढे चालणाऱ्या सडपातळ माणसांसाठी ती तोंड उघडत नसे. मी पाय ठेवला की दोन्ही काठांवरची माणसे वळून पाहत, आणि त्यांच्या नजरेत फळीविषयी सहानुभूती असे. मी ढांग टाकून पाहिली, चवडे वापरून पाहिले, कडेने सरकूनही पाहिले; फळीने दर वेळी सूर बदलला, गाणे थांबवले नाही.

तक्रार केली तेव्हा संबंधित खिडकीतून उत्तर आले की पूल तात्पुरता आहे, पक्का पूल झाला की हा निघेल. हे ऐकून मी समजायचे ते समजलो. व्हेनिसमधला अकादेमिया पूल १९३३ साली असाच तात्पुरता म्हणून लाकडाचा बांधला होता. पुढे त्याला पोलादाचा आधार द्यावा लागला, पण त्याचे रूप अजून तेच आहे आणि लोक त्यावर उभे राहून छायाचित्रे काढतात. तात्पुरत्या वस्तूला एवढे आयुष्य असेल, तर ते सतराव्या फळीलाही असणार.

शेवटी एका सकाळी पाटीशेजारी खरोखरचे मिस्त्री दिसले. गुडघ्यांवर बसून त्यांनी बोटभर लांबीचा टोचा एका खांबात पाण्याच्या पातळीशी खुपसला. तो लोण्यात जावा तसा गेला. ‘लाकूड पार बुडालेलं असलं तर टिकतं, साहेब, आणि पार कोरडं असलं तरी टिकतं. हे असं रोज ओलं, रोज कोरडं, तिथंच सडतं.’ ओलाव्याबरोबर हवाही मिळाली की बुरशीचे फावते आणि तळाशी चिखलात रुतलेला भाग शाबूत असताना मधलाच भाग आधी जातो, हे मला नवीन होते. ना धड पाण्यात, ना धड बाहेर, अशा अवस्थेत नोकरीची सहा वर्षे काढलेल्या माणसाला त्या खांबाविषयी एकाएकी आपुलकी वाटली.

मग मी फळीचा विषय काढला.

‘फळी नाही ओरडत, साहेब. खिळा ओरडतो. लाकूड आकसलं की भोक सैल होतं. वर वजन आलं की फळी खिळ्यावर खालीवर घासते. स्क्रू मारला की गप्प.’

सहा वर्षे मी एका निरपराध फळीवर राग धरला होता. केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजातला लाकडी पूल न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला होता, अशी जी दंतकथा आहे, ती मला आठवली. ती खोटी आहे, कारण पूल १७४९ चा आहे आणि न्यूटन १७२७ सालीच वारला. शिवाय त्या पुलाला बोल्टही आहेत. तरी बिनखिळ्याच्या पुलाची कल्पना लोकांना एवढी प्रिय का झाली असावी, ते मला त्या सकाळी कळले.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच निघालो. पाटी गेली होती. मी मान खाली घालून एक, दोन, तीन असे मोजत निघालो. प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना नव्या स्क्रूंची डोकी चमकत होती. सतराव्या फळीवर मी श्वास रोखून पूर्ण वजन टाकले. काहीही झाले नाही. मी पुन्हा एकदा, जरा उडी मारून खात्री केली. निःशब्द शांतता.

त्याच खुशीत मी पुढचे पाऊल टाकले आणि दोन्ही काठांवरची माणसे वळली. परतताना मिस्त्री काठावर हत्यारे आवरताना भेटले. मी काही विचारण्याआधीच त्यांनी रिकामा डबा उलटा करून दाखवला. स्क्रू सतराव्या फळीपर्यंतच पुरले होते.